सोळा दात की अठरा? : बुलेटच्या गतिगुणोत्तरांचा एक अभ्यास

कला शाखेच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी मोटारसायकलच्या दातेरी चक्रांवर लेख लिहावा, हे आमच्या काही मित्रांना चमत्कारिक वाटले. संपादक मंडळातील एका प्राध्यापकांनी तर "हा विषय आयटीआयच्या अंकाला शोभेल" असा शेराही मारला. परंतु अर्थशास्त्राच्या वर्गात आपण ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतो, म्हणजे एक वस्तू मिळविण्यासाठी दुसरी किती सोडावी लागते त्याचा हिशेब, तो मला पाठ्यपुस्तकात नीटसा उमगला नाही. तो उमगला आंबोलीच्या घाटात, भर पावसात, मागच्या सीटवर आई बसलेली असताना. म्हणून हा लेख.

आमच्या घरी १९८६ साली घेतलेली ३५० सीसीची बुलेट आहे. ती वडिलांची. ते गेल्यानंतर दोन वर्षे पडवीत ताडपत्रीखाली उभी होती, ती मी बाहेर काढली. शनिवार-रविवार मी गोव्यात एके ठिकाणी कामाला जातो. कुडाळहून झाराप, बांदा, पत्रादेवी असा हा सारा मार्ग. पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाल्यापासून त्यावर ताशी ८० किलोमीटरचा वेग सहज ठेवता येतो. पण त्या वेगाला जुनी बुलेट फार ओरडते. हँडल थरथरते, तासाभराने हाताच्या बोटांना मुंग्या येतात. यावर उपाय म्हणून मला कोणीतरी सुचविले की गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट बदल, सोळाच्या जागी अठरा दातांचे घाल, गाडी निवांत पळेल आणि वरचा वेगही वाढेल. महामार्गालगतच्या एका गॅरेजात मी ते बसवून घेतले. सल्ला मी मागितला नाही आणि त्यांनी दिला नाही, त्यामुळे दोष द्यायचा तर तो माझाच.

आता थोडा हिशेब. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनीही हा भाग ओलांडू नये, कारण यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

इंजिनाची शक्ती चाकापर्यंत तीन टप्प्यांनी पोहोचते. पहिला टप्पा इंजिनाच्या दांड्यावरील २५ दातांचे चक्र आणि क्लचवरील ५६ दातांचे चक्र यांच्यामधला. येथे वेग ५६ भागिले २५, म्हणजे २.२४ पटीने कमी होतो. दुसरा टप्पा गिअरबॉक्सचा. जुन्या बुलेटमध्ये अल्बियन या नावाने ओळखला जाणारा चार गिअरांचा पेटा असतो आणि त्याची गुणोत्तरे अनुक्रमे २.७८, १.८४, १.३६ आणि १ अशी आहेत. चौथ्या गिअरात तो काहीच बदल करीत नाही, आला वेग तसाच पुढे देतो. तिसरा टप्पा मागच्या साखळीचा. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटला १६ दात, मागच्या चाकाला ३८, म्हणून २.३७५ पट. हे सारे गुणले की चौथ्या गिअरचे एकूण गुणोत्तर ५.३२ येते. म्हणजे मागचे चाक एकदा फिरायला इंजिनाला सव्वापाच फेऱ्यांहून थोड्या अधिक माराव्या लागतात. त्याच हिशेबाने पहिल्या गिअरात जवळजवळ पंधरा, दुसऱ्यात पावणेदहा.

एकोणीस इंची चाकाचा टायरसकट घेर सुमारे दोन मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ६६७ वेळा फिरते आणि इंजिन सुमारे ३५५० वेळा. अठरा दात घातले की एकूण गुणोत्तर ५.३२ वरून ४.७३ वर उतरते आणि त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या ३१५० होतात. चारशे फेऱ्या वाचल्या. हाताच्या मुंग्या खरोखर कमी झाल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिले दोन आठवडे मी मित्रांना मोठ्या ऐटीत हे गणित समजावून सांगत होतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढचा एक दात आणि मागचा एक दात यांची किंमत सारखी नाही. सोळात एक वाढविला तर फरक सव्वासहा टक्के पडतो, अडतीसात एक कमी केला तर तीन टक्क्यांहूनही कमी. म्हणून बारीक फरक हवा असेल तर मागचे चक्र बदलावे, असे शास्त्र सांगते. पण जुन्या बुलेटमध्ये मागचे दात ब्रेकच्या ड्रमवरच असतात, दोन्ही एकच ओतीव वस्तू. दात बदलायचे तर ड्रमच बदलावा लागतो. म्हणून सगळे पुढचेच चक्र बदलतात. तेही सोपे नाही. ते क्लचच्या मागे दडलेले असते. चेनकेस उघडा, तेल काढा, क्लच उतरवा, इंजिनाचे स्प्रॉकेट ओढून काढा, आतले झाकण काढा, तेव्हा कोठे त्याचे दर्शन घडते. अर्धा दिवस मोडतो. आठवड्यात महामार्गासाठी एक आणि रविवारी घाटासाठी दुसरे, अशी चैन येथे शक्य नाही. जे निवडाल त्याच्याशी संसार करावा लागतो.

आमच्या भागात चिऱ्याच्या खाणी पुष्कळ. खाणीत पहारीने चिरा उचकटणारा कामगार ज्यांनी पाहिला असेल त्यांना गिअर निराळा समजावून सांगायला नको. पहार लांब धरली तर जोर कमी लागतो, पण हात खूप फिरवावा लागतो आणि चिरा बोटभर हलतो. आखूड धरली तर चिरा पटकन हलेल, पण अंगातला सारा जोर काढावा लागेल. पहार स्वतः काही ताकद देत नाही. पहिला गिअर म्हणजे लांब पहार, चौथा म्हणजे आखूड. अठरा दात घालून मी चारही पहारी एकदम आखूड केल्या होत्या. चौथी आखूड व्हावी एवढेच मला हवे होते, पहिल्या तिघींचा मी विचारच केला नव्हता.

आणि आता घाट. गेल्या श्रावणात आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बेळगावला न्यायचे होते. तारीख आधीच ठरलेली. पहाटे निघालो. सावंतवाडी मागे पडली, दाणोली सोडली आणि चढण लागली. पाऊस होता, धुके होते आणि आमच्यापुढे चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक होता. तो कधी ताशी बारा किलोमीटरने जाई, कधी वीसने. त्याला ओलांडण्याइतका पुढचा रस्ता दिसत नव्हता.

ताशी १५ किलोमीटरला माझी बुलेट दुसऱ्या गिअरात किती फिरत होती, ते मी नंतर घरी येऊन मोजले. चाक १२५ फेऱ्या, दुसऱ्या गिअरचे नवे गुणोत्तर ८.७०, म्हणजे इंजिन मिनिटाला सुमारे १०९० फेऱ्या. चार आघातांच्या एकसिलिंडरी इंजिनात दर दोन फेऱ्यांनी एकदा स्फोट होतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम नऊ. दोन माणसांसह तीनशे किलोच्या वर भार घेऊन चढताना एवढ्या कमी फेऱ्यांत इंजिन हिसके देते, साखळी आपटते आणि गाडी कोणत्या क्षणी बंद पडेल याचा नेम राहात नाही. सोळा दात असते तर त्याच वेगाला फेऱ्या १२२५ झाल्या असत्या. फरक मोठा नाही, पण चालणे आणि रखडणे यांच्यामधली रेषा नेमकी याच जागी असते. शिवाय वळणाच्या आतल्या बाजूला चढण किती उभी असते, हे आंबोलीला जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

मग पहिला गिअर का टाकला नाही, असे कोणीही विचारील. टाकला. पण ट्रक वीसवर गेला की पुन्हा दुसरा, बारावर आला की पुन्हा पहिला. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल. पावसात, ओल्या चपलेने, चढावर, दर अर्ध्या मिनिटाला तो मधला खड्डा ओलांडायचा. दोनदा गाडी न्यूट्रलमध्ये अडकून मागे घसरली आणि आईने माझा खांदा घट्ट धरला. त्यानंतर मी भ्यालो आणि आळशीपणा केला. गाडी दुसऱ्यातच ठेवली आणि क्लच अर्धवट दाबून इंजिन फिरते ठेवले. क्लचच्या तबकड्या एकमेकींवर घासत राहिल्या. असे पंधरा-वीस मिनिटे चालले असेल.

"वास कसलो येता रे?" आईने विचारले.

तेव्हा मला कळले. पुढच्या वळणावर मी गिअर टाकून क्लच सोडला तर इंजिन नुसते ओरडले आणि गाडी जागची हलली नाही. आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. आईने डोक्यावर पदर आणि वर प्लास्टिकची खोळ घेतली होती. तासाभराने क्लच निवला तेव्हा गाडी उताराकडे वळवून कशीबशी दाणोलीपर्यंत आणली. बेळगावची तारीख हुकली. पुढची दीड महिन्यांनी मिळाली. त्या दीड महिन्यात आई तांदूळ निवडायला शेजारच्या मुलीला बोलावी, कारण तिला खडे दिसत नव्हते. मला ती एक शब्द बोलली नाही.

गाडी मी कुडाळातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे नेली. वडिलांच्या वेळेपासून तेच ही बुलेट पाहात आले आहेत. चेनकेस उघडून जळक्या तबकड्या त्यांनी फरशीवर मांडल्या आणि मग आतले चक्र मोजले.

"अठरा दात? कित्याक घातलंस?"

"हायवेर गाडी निवांत पळाची म्हणान."

"मगे घाट कोण चढतलो? तुझो आजो?" मग थोड्या वेळाने, हात पुसत म्हणाले, "ताकद वाढणा नाय झिला, फकस्त जागा बदलता. पाठीर कोण बसतला आणि जातलंस खंय ता आधी सांग, मगे दात मोजूया."

त्यांच्या या दोन वाक्यांत सारा विषय आला आहे. मी खाली जे लिहीत आहे ते त्याचेच भाष्य समजावे.

दात वाढविले की वरचा वेग वाढतो, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. माझ्या गाडीपुरता तो चुकीचा निघाला. ३५० सीसीच्या जुन्या बुलेटची कमाल शक्ती १८ अश्वशक्ती, ती मिळते मिनिटाला ५६२५ फेऱ्यांना. सोळा दातांनी, चौथ्या गिअरात, एवढ्या फेऱ्या झाल्या तर वेग ताशी १२७ किलोमीटर होईल. कागदावर. प्रत्यक्षात ताठ बसलेल्या स्वाराला हवा एवढी अडविते की गाडी त्याच्या बरीच आधी थकते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाने. ऐंशीवरून शंभरवर जायचे तर हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. ११० किलोमीटरला सोळा दातांनी इंजिन सुमारे ४९०० फेऱ्यांवर असते, म्हणजे कमाल शक्तीच्या जागेपासून आधीच खाली. तेथे अठरा दात घातले की ते ४३०० वर येते, आणखी खाली, जेथे शक्ती आणखी कमी. गाडीचा वरचा वेग वाढण्याऐवजी घटतो. कंपनीने दिलेले गुणोत्तर मुळातच थोडे लांब होते आणि मी ते आणखी लांबविले.

हेच अठरा दात ५०० सीसीच्या बुलेटला कदाचित शोभतील. तिचा आघात तेवढाच, ९० मिलिमीटरचा, पण सिलिंडरचा व्यास ७० च्या जागी ८४. तिला कंपनीच मुळात सतरा दात देत असे. कमी फेऱ्यांत ओढण्याचा जोर तिच्यात अधिक, म्हणून एक दात वाढवून तिचे फारसे बिघडत नाही. मित्राची गाडी पाहून आपल्या गाडीचे दात ठरविणे म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो या गाडीवर बोलणाऱ्या मंडळींच्या तोंडी क्वचितच येतो. स्प्रॉकेट बदलल्याने चारही गिअर एकदम सरकतात, पण दोन गिअरांमधले अंतर तेवढेच राहते. शिडी उचलून पुढे ठेवली तरी पायऱ्यांमधली उंची बदलत नाही. बुलेटमध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फेऱ्या एकदम ३४ टक्क्यांनी पडतात. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना मात्र २६ टक्क्यांच्या आसपास. ती पहिली पायरीच उंच आहे आणि घाटातला माझा सगळा गोंधळ त्या पायरीवरच झाला. सोळा घाला, सतरा घाला, ती पायरी राहणारच. आपल्या हाती एवढेच असते की घाटातला नेहमीचा वेग त्या पायरीच्या कडेवर येऊ नये, दुसऱ्या गिअरच्या आत यावा.

पायऱ्या किती आणि किती जवळ हव्यात, हे इंजिनाच्या स्वभावावर ठरते. १९८३ पासून काही वर्षे एस्कॉर्ट्स कंपनी राजदूत ३५० बनवीत असे. दोन सिलिंडरांची, दोन आघातांची, सहा गिअरांची. तिच्या अधिक शक्तीच्या प्रकाराला साडेतीस अश्वशक्ती होती, जवळजवळ तेवढ्याच सीसीच्या बुलेटच्या दीडपटीहून अधिक. पण ती सारी शक्ती वरच्या फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात. त्या पट्ट्याबाहेर गाडी गेली की ती निजते. म्हणून तिला जवळजवळच्या सहा पायऱ्या लागतात. बुलेट कोठूनही ओढते, म्हणून तिचे चारात भागत असे. पुढे बुलेटलाही पाच गिअर आले आणि गिअर डाव्या पायाला गेला.

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात आज उभ्या असणाऱ्या शक्तिशाली गाड्यांचे काय, असे विद्यार्थी मित्र विचारतील. २०१३ साली आपल्याकडे आलेली आणि चाकणला बनणारी केटीएमची ३९० ड्यूक घ्या. ३७३ सीसी, चाळिसाहून अधिक अश्वशक्ती, सहा गिअर. तिला पुढे १५ आणि मागे ४५ दात मिळाले होते, म्हणजे नेमके तीनास एक. शहरात ती खालच्या फेऱ्यांना आचके देते म्हणून पुष्कळजण पुढे १४ घालतात. गुणोत्तर ३ वरून ३.२१ होते, सात टक्के. म्हणजे माझ्या उलट दिशेने. चाल सोपी होते, पण महामार्गावर इंजिन अधिक फिरते, पेट्रोल अधिक जाते. साखळी लहान चक्राभोवती अधिक वाकते, त्यामुळे लवकर झिजते आणि मागच्या फोर्कवरच्या रबरी पट्टीवर घासू लागते. तोच परिणाम मागे ४८ दात घालून मिळतो आणि साखळीला ते सोसवते; मात्र ती लांब घ्यावी लागते. ज्या गाड्यांत वेगमापकाची जाणीव गिअरबॉक्सकडून घेतलेली असते, तेथे दात बदलल्यावर काटा खोटे बोलू लागतो. बुलेटचा काटा पुढच्या चाकावरून चालतो, म्हणून तो बिचारा खरे सांगत राहतो.

एक बारीक गंमत येथे नोंदवतो. साखळीच्या कड्या बहुधा सम संख्येत असतात, कारण आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येते. चक्राचे दातही सम असले तर एका दातावर नेहमी आतलीच कडी बसते आणि शेजारच्या दातावर नेहमी बाहेरचीच. दात विषम असले की प्रत्येक दाताला दोन्ही कड्या पाळीपाळीने भेटतात आणि झीज सारखी होते. या एका कारणाने सतराच्या बाजूने माझे मन काही दिवस झुकले होते. मेस्त्री हसले आणि त्यांनी साखळीला तेल घालायची सवय लावून घेण्यास सांगितले.

सतराचा विचार मी खरोखरच केला. ८० किलोमीटरला ३३४० फेऱ्या, म्हणजे सोळा आणि अठरा यांच्या बरोबर मध्ये. एकट्याने गोव्याला जाणाऱ्या माणसासाठी सतरा हा चांगला तोडगा आहे, आणि माझ्याजागी दुसरा कोणी असता तर मी त्याला तोच सुचविला असता. पण महिन्याभरात मी गाडीवरून कोठे कोठे गेलो, याची मी वहीत नोंद ठेवली. गोव्याच्या फेऱ्या आठ. घाटाच्या दोन, दोन्ही आईसह. आठ विरुद्ध दोन. मतदान घेतले तर महामार्ग जिंकतो. मात्र महामार्गावर चुकीच्या दातांची शिक्षा म्हणजे बोटांना मुंग्या, आणि घाटात चुकीच्या दातांची शिक्षा मी पाहिलेली होती. गोव्याला मी आता सत्तरने जातो. उशीर होतो तो पाच-सात मिनिटांचा.

सोळा दात पुन्हा बसविताना मेस्त्रींनी मागचे चाक किंचित मागे ओढले. पुढचा एक दात कमी झाला की साखळी अर्ध्या कडीने सैल होते आणि चाक सुमारे चार मिलिमीटर मागे न्यावे लागते. दोन दातांचे आठ. एकसराच्या दोन्ही बाजूंची गोगलगाईच्या आकाराची पाने सारख्या खाचेवर आणायची, नाहीतर चाक तिरके बसते. हे काम त्यांनी माझ्याकडून करवून घेतले आणि दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा बरोबर म्हटले.

आश्विनात आम्ही पुन्हा निघालो. पाऊस ओसरला होता, पण ट्रक होतेच. दाणोलीनंतर मी दुसरा गिअर टाकला तो बहुतेक ठिकाणी दुसराच राहिला. दोन वळणांवर पहिला लागला, तो वळणाच्या आधी टाकला. आंबोलीला, सुमारे ६९० मीटर उंचीवर, चहाला थांबलो तेव्हा आई गाडीजवळ वाकली आणि नाकाने हुंगून पाहू लागली.

"आज वास नाय," ती म्हणाली.

ऑपरेशन व्यवस्थित झाले. अठरा दातांचे ते चक्र अजून आमच्या पडवीत खिळ्याला टांगलेले आहे. फार वापरलेले नाही, दात शाबूत आहेत. कोणा प्राध्यापकांकडे किंवा विद्यार्थ्याकडे ५०० सीसीची बुलेट असेल आणि हवे असेल, तर खुशाल येऊन घेऊन जावे.